शिवाशिवी

लहानपणी वस्तीत आम्ही दोनच खेळ खेळलो. एक शिवाशिवी, दुसरा कबड्डी. बॅटबॉलला पैसे पडायचे, या दोन्हीला काही पडत नव्हतं. अंग असलं की झालं. शिवाशिवीत ज्याच्यावर राज्य तो पळत सुटायचा आणि ज्याला शिवला त्याच्यावर राज्य यायचं. आजा दारात बसून बघायचा आणि हसायचा. म्हणायचा, "शिवलं की राज्य येतंय व्हय रं तुमच्यात? आमच्या टायमाला शिवलं की काठी यायची." आम्हाला काही कळायचं नाही. आम्ही पळत राहायचो.

आजा मुंबईच्या गिरणीत होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यातला हा एक. संप मिटला असं त्याला मरेपर्यंत कुणी सांगितलं नाही. एक पत्र्याची ट्रंक, तीत बाबासाहेबांचा फोटो, आणि चाळीच्या संघातून खेळताना मिळालेली कबड्डीची एक ढाल, एवढं घेऊन तो इकडं आला. ढालीवरचं अक्षर पुसलंय. ढाल अजून आमच्या भिंतीवर आहे.

आजाचा बापही गिरणीतच. त्याच्या वेळची एक गोष्ट आजा फार सांगायचा. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार जास्त. पण तिथं आपल्या माणसाला घेत नव्हते. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून बाहेर काढायचा. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात. सवर्ण विणकर म्हणायचे, बाटतो आम्ही. म्हणून आपली माणसं कमी पगाराच्या सूतखात्यात. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न उभा केला, की एकजुटीच्या गोष्टी करता तर साचेखात्याचं दार अस्पृश्यांना उघडं का नाही? लाल बावट्याखाली सगळे कामगार एक होते. थुंकीपर्यंत एक नव्हते.

हे सगळं मला पुढं उपयोगी पडायला पाहिजे होतं. पडलं नाही. ते कसं, तेच सांगायला बसलोय.

मी सव्वीस वर्षांचा. दहावीत इंग्रजीत गेलो आणि इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत लागलो. रिंगखात्यात आहे. दोन मशिनींच्या मधल्या बोळातून आठ तास चालायचं. धागा तुटला की गुडघ्यानं ब्रेक दाबून चाती थांबवायची, धाग्याचं टोक शोधायचं, वर ओढून रोलरला लावायचं. सांधला. पुढं चालायचं. पुन्हा तुटला. आवाज एवढा की शेजारचा माणूस ओठांवरून वाचावा लागतो. वाइंडिंगमधले खराब झालेले कागदी कोन मी गोळा करतो, त्याच्या आतल्या अंगाला कविता लिहितो. कुणी कोन हातात घेऊन डोळ्याला लावला तरच दिसणार. वाचनालयातनं पुस्तकं आणून वाचलं, तेवढंच शिक्षण.

गिरणीनं पोट दिलं आणि संघ दिला. नावं सांगत नाही, जागा सांगतो. कबड्डीत माणसाला जागेनंच ओळखतात. डावा कोपरा बारदान खात्यात कापसाच्या गाठी उचलायचा, कंत्राटी. उजवा कोपरा एका यंत्रमागवाल्याचा पोरगा. आमचा मुख्य चढाईवाला माझ्याच पाळीत, शेजारच्या मशीनवर. जवळच्याच एका गावचा, घरी दोन एकर ऊस, मराठा. बाकीचे असेच, कुणी धनगर, कुणी लिंगायत, कुणी आमच्या वस्तीतला. मी डावा इन. डाव्या कोपऱ्याला लागून उभा राहणारा.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बचावाला सात जण उभे असतात, त्यात कोपऱ्याचा आणि त्याच्या शेजारचा हातात हात धरून उभे राहतात. याला साखळी म्हणतात. समोरचा दम घालत आत येतो, कोपरा त्याच्या घोट्यावर झेपावतो, आणि शेजारच्यानं हात न सोडता त्याला मागून कोंडायचं. कोपऱ्याचा जीव शेजारच्याच्या हातात असतो. तीन वर्षं मी त्या डाव्या कोपऱ्याचा हात धरून उभा राहिलो. त्याच्या तळव्याला गाठींच्या पट्ट्यांचे घट्टे. डोळे झाकून दहा हातांतून तो हात मी ओळखला असता.

पहिली पाळी सुटली की चार वाजता मैदानावर. माती शिंपायची, चुन्याची फक्की मारायची. सराव झाला की एकच बाटली फिरायची, सात जणांच्या तोंडाला लागून. शेवटच्याला पाणी कमी आणि माती जास्त. त्याच्यावरून शिव्या. सुट्टीला कुठं स्पर्धा असली की छोटा हत्ती ठरवायचा. 65 किलो वजनी गट, प्रवेश फी वर्गणी काढून. मागं हौद्यात आम्ही, थंडीत एका चादरीत तिघं. पन्हाळ्याला गेलो, जोतिबाच्या डोंगराला गेलो. कोल्हापुरात खासबागेत तांबड्या मातीतली कुस्ती बघितली. 1912 साली शाहू महाराजांनी पुरं करून घेतलेलं ते मैदान. पायऱ्यांवर बसून चढाईवाला म्हणाला, "बघ लेका, मातीत जात कुठं दिसतीया का?" आम्ही टाळ्या वाजवल्या. मलाही ते पटलं होतं. घामाला जात नसते असं मी एका कोनात लिहून ठेवलं होतं. लय आवडलं होतं माझं मलाच.

दोन वर्षांमागची गोष्ट. चढाईवाल्याच्या गावात यात्रेची स्पर्धा. रात्रीचे सामने, बांबूला हॅलोजन बांधलेले, कर्णा वाजतोय. आम्ही उपांत्य सामना मारला. डाव्या कोपऱ्यानं एकट्यानं पाच पकडी केल्या. गावातली माणसं त्याला खांद्यावर घेऊन नाचली. ज्या पोरांना त्यानं घोट्याला धरून पाडलं ती पोरं उठून त्याला मिठी मारत होती. अंतिम सामन्याला तासभर वेळ होता. चढाईवाला म्हणाला, "चला घरी, आईनं मटण केलंय."

सोप्यात पंगत मांडली. आम्ही नऊ जण, राखीव धरून. त्याची आई साधी बाई. उन्हानं रापलेली, हात माझ्या आईसारखेच. ती एकेकाला पाणी देत विचारत गेली, "कुठला बाळा तू? आडनाव काय तुझं?" विचारण्यात राग नव्हता. सवय होती. पोरं सांगत होती. माझ्याजवळ आली आणि हसली. म्हणाली, "तुला वळखते की. तू पाटील न्हवं का?"

मी मागं एकदा त्या घरी गेलो होतो. तेव्हा चढाईवाल्यानं मला न विचारता सांगून टाकलं होतं, हा पाटील. नंतर गाडीवर बसल्यावर म्हणाला होता, "मनावर घेऊ नको गा, म्हातारी जुनी हाय." मी म्हटलं होतं, असू दे. असू दे म्हटलं तिथंच पहिला धागा तुटला होता. पण मी सांधला नाही, पुढं चालत गेलो.

माझ्या शेजारी डावा कोपरा बसलेला. मैदानात जसा बसायचा तसाच, डाव्या अंगाला. तिनं विचारायच्या आत त्यानं सांगितलं, "कांबळे."

मीही कांबळेच.

ती थांबली. जास्त नाही, एका श्वासाएवढी. मग आत गेली. ताटं आली, स्टीलची, आठ. डाव्या कोपऱ्यासमोर कागदी पत्रावळ आली, कागदी द्रोण आणि प्लास्टिकचा ग्लास. "ताटं कमी पडली बघ बाळा," ती म्हणाली. तिच्या पाठीमागं मांडणीवर ताटांची रांग लकलकत होती.

मी काय करायला पाहिजे होतं हे तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. एकच शब्द होता, तीन अक्षरांचा. माझं स्वतःचं आडनाव. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर आपली माणसं गेली ती काय उगीच? दर वर्षी त्या दिवशी मी वस्तीत कविता म्हणतो, मुठी आवळून म्हणतो. त्या सोप्यात माझी मूठ रश्शात होती.

मी जेवलो. दोस्तांनो, मी पोटभर जेवलो. "वाढू का पाटील?" असं तिनं विचारलं तेव्हा मी पळीभर आणखी घेतला. डाव्या कोपऱ्यानं खाली मान घालून भात खाल्ला. झाल्यावर ती त्याला म्हणाली, "बाहेर उकिरड्यावर टाक हं बाळा." तो पत्रावळ गुंडाळून उठला. मी माझं ताट उचलायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे पाटील, मी घेती." माझं उष्टं ताट तिनं हातात घेतलं. कांबळ्याचं उष्टं. काही झालं नाही. भिंती पडल्या नाहीत, देव्हारा हलला नाही. मी सांगितलं असतं तर तिला ते कळलं असतं. मी तेही होऊ दिलं नाही.

अंतिम सामना सुरू झाला. पहिली चढाई आली. मी डावीकडं हात पुढं केला. त्यानं हात दिला नाही. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून समोर बघत उभा राहिला. तो चढाईवाला त्या फटीतनं आला आणि दोन गडी घेऊन गेला. मग रोज सरावलेली माणसं पहिल्यांदा भेटल्यासारखी खेळलो. लोण बसला. हरलो. परत येताना हौद्यात बाटली फिरली. त्याच्यापर्यंत आली, त्यानं तोंडाला न लावता पुढच्याकडं दिली. कुणी शिवी दिली नाही.

त्यानंतर तो सरावाला यायचा बंद झाला. बारदान खात्यात दिसायचा, गाठ पाठीवर असायची, मान वर करत नव्हता. मी रिंगखात्यात धागे सांधत होतो. वाचनालयात बसायला लागलो. काय शोधत होतो कुणास ठाऊक. पळवंकर बाळूंबद्दल वाचलं. चांभाराचा पोरगा, पुण्यात गोऱ्यांच्या मैदानावर राबणारा, डावखुरा फिरकी गोलंदाज. हिंदूंच्या संघाला तो पाहिजे होता, कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हतं. मैदानात त्यानं टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. पण चहाच्या वेळी त्याला चहा बाहेर, मातीच्या भांड्यात, पिऊन झालं की फोडून टाकायचं भांडं. त्याच बाळूंनी 1911 ला भारतीय संघाबरोबर इंग्लंडला जाऊन 114 गडी बाद केले. त्यांचा भाऊ विठ्ठल 1923 ला हिंदूंच्या संघाचा कप्तान झाला. मातीचं भांडं वाचलं आणि मला तो कागदी द्रोण दिसला. शंभर वर्षांत भांडं बदललं. माती जाऊन कागद आला.

पण मला दुसरंच टोचत होतं. बाळूंबरोबर खेळणारे दहा जण कोण होते? ते काय करत होते तो चहा पिताना? त्यांच्यातल्या कुणी काही लिहून ठेवलं असेल का? मी त्या दहांतला झालो होतो. आपल्यातला असून झालो होतो.

मार्चची 22 तारीख आली. आमच्या भागात या तारखेला माणगावला जायची रीत आहे. 1920 साली 21 आणि 22 मार्चला तिथं परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब, वय अठ्ठावीस, आणि शाहू महाराज स्वतः येऊन सांगून गेले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. मी सायकल काढली आणि डाव्या कोपऱ्याच्या दारात गेलो. तो दारातच बसला होता. म्हटलं, "चल, माणगावला जाऊ." तो काही बोलला नाही. पण सायकल काढली त्यानं.

अर्ध्या वाटेवर उसाच्या गुऱ्हाळाजवळ थांबलो. मी म्हटलं, "माझं चुकलं गा."

तो म्हणाला, "म्हातारीचं काय न्हाई. तसल्या म्हाताऱ्या मी लय बघितल्या. तू शेजारी हुतास. साखळीतला. हात सोडलास की तो माझ्यावरच येनार न्हवं?"

मी गप्प. मग त्यानं जे सांगितलं ते लिहायला मला दोन वर्षं लागली.

"तुझ्या घरी मी तीन वर्षं येतोय. कधी आत बसून च्या पिलो का बघ आठवून."

मी आठवायला लागलो. खरंच नव्हता. उंबऱ्याबाहेर उभा राहून प्यायचा. मला वाटायचं घाई असेल. तो मातंग. मी बौद्ध. आडनाव एकच, कांबळे, गावच्या म्हातारीच्या लेखी दोघंही एकच. पण माझ्या घरी, जिथं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, तिथं त्याचा कप वेगळा होता. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. खिडकीत ठेवलेला. तो कप मी रोज बघत होतो. तो कुणासाठी आहे हे मी आईला कधी विचारलं नाही. चवदार तळ्यावर कविता करणारा मी, माझ्याच खिडकीतला कप मला दिसला नव्हता.

"तुमच्यात बी हाय आणि त्यांच्यात बी हाय," तो म्हणाला. "मी दोन्हीकडनं बाद. मला जित्ता कोन करनार?"

कबड्डीच्या जुन्या नियमांत संजीवनी नावाचा प्रकार होता. समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन परत आत येतो. आज आपण खेळतो तो खेळ त्याच्यावरच उभा आहे. खेळ करणाऱ्यांना कळलं होतं की माणूस कायमचा बाद ठेवला तर खेळच संपतो. धर्म करणाऱ्यांना एवढं कळलं नाही.

माणगावहून आलो. मी घरी जाऊन तो कप काढला आणि आईसमोर ठेवला. ती रागावली. म्हणाली, "मी कुठं काय म्हनते? तुझ्या आजीची रीत ती." रीत. त्या म्हातारीचंही तेच, आमचंही तेच. मी कप फोडला नाही. फोडला असता तर नाटक झालं असतं. मी त्यात रोज माझा चहा पितो. पुढच्या रविवारी डावा कोपरा आला, आत बसला. आईनं नवा कप दिला. हात थोडा थरथरला तिचा. त्यानं बघितलं, मीही बघितलं. कुणी काही बोललं नाही. आता तो येतो तेव्हा थरथरत नाही.

मग संघाची बैठक घेतली. मैदानावरच, चुन्याच्या रेषेवर बसून. मी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. चढाईवाल्याला लागलं. म्हणाला, "मी तुझ्यासाठीच खोटं बोललो की मर्दा." मी म्हटलं, "माहीत हाय. पण माझ्यासाठी बोललास आणि त्याच्यासाठी गप्प बसलास. आणि मी दोन्ही येळंला गप्प बसलो." तो बराच वेळ माती उकरत बसला. मग म्हणाला, "आईला बोललो मी त्या रातीच. ती म्हणती, मला गावात ऱ्हायाचं हाय." ठरलं एवढंच, की जिथं एकाला वेगळं ताट तिथं कुणाचंच ताट नाही. शपथ घेतली नाही, घोषणा दिली नाही. डावा कोपरा दुसऱ्या दिवशी सरावाला आला.

यात्रा पुन्हा आली. आम्ही गेलो. भाकऱ्या आणि ठेचा घरूनच बांधून नेला, नवाच्या नऊ घरच्या भाकऱ्या, एका फडक्यात मिसळलेल्या. मैदानाच्या कडेला हॅलोजनखाली बसून खाल्ल्या. चढाईवाला स्वतःचं घर दोनशे पावलांवर सोडून आमच्यात बसला. थोड्या वेळानं त्याची आई आली. उभी राहिली. माझ्याकडं बघून म्हणाली, "घरी का आला न्हाईसा पाटील?"

मी उठून उभा राहिलो. पाय कापत होते, खोटं कशाला सांगू. म्हटलं, "काकू, मी पाटील न्हवं. मी कांबळे. तवा पन कांबळेच हुतो."

ती बघत राहिली. तिला ते ताट आठवलं असणार, उचललेलं. तिनं पदर डोक्यावर सारखा केला, पोराकडं बघितलं, आमच्या फडक्यातल्या भाकऱ्यांकडं बघितलं, आणि काही न बोलता परत गेली. तिच्या मनात काय झालं मला ठाऊक नाही. ती बदलली असं मी सांगणार नाही. कथेत ती ताटं घेऊन परत आली असती. ती आली नाही.

मोर्चे काढणाऱ्या, शिबिरं घेणाऱ्या माझ्या दोस्तांनो, हे तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठीच. 1950 च्या संविधानात 17 वं कलम आहे, पाठ आहे आपल्याला. ते सोप्यात आपोआप येत नाही. तिथं कुणीतरी स्वतःचं आडनाव उच्चारावं लागतं, तोंडात घास असताना. आणि घरी गेल्यावर एकदा आपल्या खिडकीत बघावं लागतं, कान तुटलेला कप आहे का तिथं.

त्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. वाईट खेळलो. समोरचा संघ चांगला होता, त्यांचा चढाईवाला वाऱ्यासारखा. पण तो पहिल्यांदा आमच्या डाव्या अंगाला आला तेव्हा एक घट्ट्यांचा हात माझ्या हातात होता. त्याला त्या फटीतनं जाता आलं नाही.